इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च : ऑक्सिडीकरण आणि क्षपण कसे ओळखावे, कसे मांडावे

पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारण्याची पद्धत गोव्यातील कुळागरे, म्हणजे सुपारीच्या बागा, राखणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि १ किलो चुना असे १ टक्क्याचे प्रमाण धरतात. मोरचूद एका भांड्यात विरघळवून आणि चुना दुसऱ्या भांड्यात कालवून मग दोन्ही एकत्र केले जातात. मिश्रण तयार झाले की जाणता माणूस घासून लख्ख केलेले कोयतीचे पाते त्यात थोडा वेळ बुडवून बाहेर काढतो आणि उजेडात धरून पाहतो. पात्यावर तांबूस थर दिसला, तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी चुना घालतो. पाते होते तसेच राहिले, तर फवारणीला सुरुवात होते.

या एका कृतीत रसायनशास्त्रातील एक संपूर्ण प्रकरण सामावलेले आहे. मी फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून होते आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. त्यामुळे ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे शब्द त्यांच्यापर्यंत व्याख्या होऊन पोहोचतात, पाठ होतात आणि परीक्षेनंतर विरून जातात. माझा अनुभव असा आहे की या प्रकरणात पाठ करण्यासारखे फार थोडे आहे. घरखर्चाची वही ज्याला लिहिता येते, त्याला हे प्रकरण येते. फक्त वहीत रुपयांच्या जागी इलेक्ट्रॉन लिहायचे असतात.

जुने अर्थ आणि नवा अर्थ

पदार्थाला ऑक्सिजन मिळणे किंवा त्यातून हायड्रोजन निघून जाणे म्हणजे ऑक्सिडीकरण, आणि याच्या उलट घडणे म्हणजे क्षपण, हा जुना अर्थ आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोयतीच्या पात्यावर तांबे बसते, तेव्हा ऑक्सिजन किंवा हायड्रोजन यांपैकी कोणीही देवघेवीत भाग घेत नाही, तरीही ती याच जातीची अभिक्रिया आहे. म्हणून आजचा अर्थ इलेक्ट्रॉनांवरून करतात : इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन घेणे म्हणजे क्षपण.

येथे मुले हमखास अडखळतात. काही तरी मिळत असताना त्याला ‘क्षपण’, म्हणजे घट, का म्हणावे, असा त्यांचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. हा शब्द भट्टीतून आलेला आहे. धातूचे खनिज कोळशासोबत तापवले की त्यातील ऑक्सिजन निघून जातो आणि मूळ वजनापेक्षा कमी वजनाचा धातू हाती येतो. त्या घटीवरून हे नाव पडले. पुढे इलेक्ट्रॉनाचा शोध लागल्यावरही ते टिकले, कारण इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असल्यामुळे तो मिळाला की अणूवरचा धनप्रभार घटतो. घट प्रभाराची होते, इलेक्ट्रॉनांची नव्हे, एवढे ध्यानात ठेवले की शब्द आणि अर्थ यांच्यातील विसंगती उरत नाही.

पहिला प्रयोग : खिळा आणि मोरचूद

पुढचे वाचण्याआधी हा प्रयोग स्वतः करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. काचेच्या पेल्यात १०० मिलीलिटर पाणी घेऊन त्यात साधारण ५ ग्रॅम मोरचूद ढवळून विरघळवावे. मोरचूद शेती साहित्याच्या दुकानात मिळते. ते विषारी आहे, त्यामुळे पेला स्वयंपाकाचा नसावा, द्रावण लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. दोन लोखंडी खिळे घ्यावेत. ते जस्ताचा मुलामा दिलेले नसावेत. दोन्ही खिळे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावेत. एक खिळा दोऱ्याला बांधून द्रावणात सोडावा आणि दुसरा तुलनेसाठी कोरडा बाजूला ठेवावा.

पहिल्या एक-दोन मिनिटांतच बुडलेल्या भागाची चमक जाते आणि त्यावर तपकिरी-तांबूस छटा चढते. अर्ध्या तासाने खिळा हळूच वर काढला, तर दोऱ्याखालचा कोरडा भाग राखाडी आणि बुडलेला भाग विटकरी रंगाचा दिसतो; मधली रेषा पट्टीने आखल्यासारखी असते. थर मऊ असतो, बोटाने पुसला तर निघतो आणि त्याखाली लोखंड किंचित खडबडीत झालेले जाणवते. पेला रात्रभर तसाच ठेवला, तर द्रावणाचा निळा रंग फिकट होतो आणि त्यात हिरवट झाक येते.

आता यातले प्रत्येक निरीक्षण वहीत मांडावे. द्रावणाचा निळा रंग तांब्याच्या आयनांचा, म्हणजे प्रभारित अणूंचा, असतो आणि या प्रत्येक आयनात दोन इलेक्ट्रॉनांची उणीव असते. लोहाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः फेरस आयन होऊन पाण्यात उतरतो. ती हिरवट झाक त्याचीच असते. ते दोन इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो आणि धातुरूप तांबे होऊन खिळ्यावर बसतो.

लोह → फेरस आयन (+२) + २ इलेक्ट्रॉन

तांब्याचा आयन (+२) + २ इलेक्ट्रॉन → तांबे

पहिली ओळ नावेची, दुसरी जमेची. दोन्ही एकत्र केल्यावर इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंनी वजा होतात, कारण ते द्रावणात सुटे भटकत नाहीत. एकाने दिले त्याच क्षणी ते दुसऱ्याने घेतलेले असतात. म्हणूनच ऑक्सिडीकरण एकटे घडत नाही आणि क्षपणही एकटे घडत नाही. या जोडीला रेडॉक्स अभिक्रिया म्हणतात.

कोयतीची परीक्षा आता आपोआप उलगडते. चुना पुरेसा असेल, तर सगळे तांबे न विरघळणाऱ्या संयुगात अडकते आणि पात्यातील लोहाकडून इलेक्ट्रॉन घेण्यासाठी मोकळे आयन जवळजवळ उरत नाहीत. चुना कमी पडला, तर मोकळे आयन शिल्लक राहतात. तेच आयन कोवळ्या पानांना आणि फळांना भाजतात, म्हणून शेतकरी त्यांना धरून काढतो. बोर्डो मिश्रण लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात करू नये, असे जे सांगतात, त्याचे कारणही हेच आहे : पिंप झिजते आणि औषधातले तांबे पिंपाच्या भिंतीवर जाऊन बसते.

उलटा प्रयोगही करून पाहावा. हिराकशीच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, द्रावणात तांब्याची तार बुडवली तर काहीच होत नाही. लोह तांब्याला इलेक्ट्रॉन देते, पण तांबे लोहाला देत नाही. धातूंची इलेक्ट्रॉन देण्याची ओढ कमी-अधिक असते आणि तिच्या उतरत्या क्रमाने त्यांची एक माळ लावता येते : पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोह, कथील, शिसे, मग हायड्रोजन, त्यानंतर तांबे, चांदी आणि सोने. वरचा धातू खालच्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतो. हायड्रोजन धातू नसतानाही या माळेत आहे, कारण त्याच्या वर असलेले धातू विरल आम्लातून हायड्रोजन वायू मुक्त करतात आणि खालचे करत नाहीत.

देणारा, घेणारा आणि त्यांची फसवी नावे

ज्याच्यामुळे दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण होते तो ऑक्सिडक, आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याचे क्षपण होते तो क्षपणक. नाव दुसऱ्यावर होणाऱ्या परिणामावरून पडलेले असल्यामुळे ऑक्सिडकाचे स्वतःचे मात्र क्षपण होते. आमच्या प्रयोगात तांब्याचा आयन ऑक्सिडक आणि लोह क्षपणक होते. उत्तरपत्रिकेत सर्वांत जास्त गुण येथे जातात. मुलांना मी एकच सवय लावतो : आधी ‘कोणी दिले?’ आणि ‘कोणी घेतले?’ हे दोन प्रश्न लिहायचे, त्यांची उत्तरे लिहायची आणि मगच नावे द्यायची. घेणारा तो ऑक्सिडक, देणारा तो क्षपणक.

ऑक्सिडीकरण अंक काढण्याची रीत

लोह आणि तांब्याच्या बाबतीत प्रभार उघड दिसतो. पण परमँगनेट, सल्फ्युरिक आम्ल किंवा अल्कोहोल अशा संयुगांत इलेक्ट्रॉन सामायिक असतात, तेथे देणारा-घेणारा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक अणूच्या नावावर एक मानीव आकडा लिहितात, तो ऑक्सिडीकरण अंक. बंधातले इलेक्ट्रॉन ज्याच्याकडे जास्त ओढलेले असतात, ते पूर्णपणे त्याचेच असे मानून हा आकडा काढलेला असतो. तो खराखुरा प्रभार नव्हे, हिशेबाची सोय आहे, हे विसरू नये.

नियम थोडे आहेत आणि ते क्रमाने लावायचे असतात. मूलद्रव्य सुटे असेल तर अंक ० असतो, मग ते लोखंड असो की हवेतला ऑक्सिजन. एकाच अणूचा आयन असेल तर प्रभार हाच अंक. संयुगात फ्लुओरीन नेहमी −१, सोडिअम-पोटॅशिअम +१, कॅल्शिअम-मॅग्नेशिअम +२. हायड्रोजन सामान्यतः +१, पण धातूच्या हायड्राइडमध्ये −१. ऑक्सिजन सामान्यतः −२, पण हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या पेरॉक्साइडमध्ये −१. शेवटी, उदासीन रेणूतील सगळ्या अंकांची बेरीज ० आणि आयनातील अंकांची बेरीज त्या आयनाच्या प्रभाराएवढी आली पाहिजे.

परमँगनेट आयनात १ मँगनीज आणि ४ ऑक्सिजन असतात, प्रभार −१. ऑक्सिजनांचे मिळून −८ होतात. बेरीज −१ यायची असेल तर मँगनीज +७. सल्फ्युरिक आम्लात २ हायड्रोजन (+२), ४ ऑक्सिजन (−८) आणि १ गंधक असतो, म्हणून गंधक +६. डायक्रोमेट आयनात २ क्रोमिअम आणि ७ ऑक्सिजन असतात, प्रभार −२. ऑक्सिजनांचे −१४, म्हणून दोन क्रोमिअमचे मिळून +१२ आणि प्रत्येकी +६. हे तिसरे उदाहरण मुद्दाम दिले आहे, कारण शेवटी दोनाने भागायचे पुष्कळांच्या हातून राहून जाते.

आता ओळखण्याची कसोटी सोपी आहे : अभिक्रियेच्या दोन्ही बाजूंचे अंक लिहावेत. अंक वाढला तेथे ऑक्सिडीकरण, अंक घटला तेथे क्षपण, आणि कोणाचाच अंक बदलला नाही तर ती रेडॉक्स अभिक्रिया नव्हेच.

याच कसोटीवर आपल्या लोहखनिजाचे उदाहरण घ्यावे. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातील खनिजात मुख्यत्वे हेमटाइट असते. त्यात २ लोह आणि ३ ऑक्सिजन असतात आणि लोहाचा अंक +३ असतो. शुद्ध हेमटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते, प्रत्यक्ष खनिजात त्याहून कमी. भट्टीत कोकपासून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड त्यावर काम करतो.

१ हेमटाइट + ३ कार्बन मोनॉक्साइड → २ लोह + ३ कार्बन डायऑक्साइड

लोह +३ वरून ० वर आले. दोन अणूंनी मिळून ६ इलेक्ट्रॉन घेतले. कार्बन +२ वरून +४ वर गेला. तीन अणूंनी मिळून ६ दिले. दोन्ही रकाने जुळले. जांभ्याच्या चिऱ्यांचा तांबडा रंगही +३ अंकाच्या लोहाचाच असतो. आपली माती मुळातच गंजलेल्या लोखंडाची आहे, असे म्हटले तर ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

दुसरे उदाहरण माडाच्या सुरेचे. सूर आंबून त्यात अल्कोहोल तयार होते आणि पुढे हवा लागत राहिली की जिवाणू त्याचे ॲसिटिक आम्ल करतात. आपल्या स्वयंपाकघरातले सुरेचे व्हिनेगर ते हेच. अल्कोहोलच्या रेणूत २ कार्बन, ६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असतो. हिशेब केला तर कार्बनचा सरासरी अंक −२ येतो. ॲसिटिक आम्लात २ कार्बन, ४ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन असतात. तेथे कार्बनची सरासरी ० येते. म्हणजे दोन कार्बनांनी मिळून ४ इलेक्ट्रॉन दिले. ते ऑक्सिजनच्या एका रेणूने घेतले : दोन अणू, प्रत्येकी ० वरून −२. जिवाणूंचे काम असले तरी हिशेबात इलेक्ट्रॉन एकानेही इकडेतिकडे होत नाही.

रेडॉक्स नसलेली सारखी दिसणारी उदाहरणे

बोर्डो मिश्रणात मोरचुदाला चुना भेटतो तेव्हा रंग बदलतो, गाळ तयार होतो. तरी ती रेडॉक्स अभिक्रिया नाही. तांबे आधीही +२ होते आणि नंतरही +२ च राहते, फक्त त्याचे जोडीदार बदलतात. त्याच बादलीत कोयती बुडवली की मात्र रेडॉक्स घडते. एकाच भांड्यातले हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की फरक मनावर ठसतो.

काळवंडलेली तांब्याची घागर चिंचेने किंवा आमसुलाने घासली की उजळते. हे क्षपण आहे, असे उत्तर मला दर वर्षी ऐकायला मिळते, कारण ऑक्साइडचा थर जाऊन धातू दिसू लागतो. प्रत्यक्षात चिंचेतले आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवते. तांबे +२ चेच राहून पाण्यात जाते आणि खालचा न गंजलेला धातू उघडा पडतो. दर घासणीला घागर अगदी थोडी झिजते, ती यामुळेच.

चांदीची गोष्ट वेगळी. काळे पडलेले पैंजण काचेच्या भांड्यात ॲल्युमिनिअमच्या फॉइलवर ठेवावेत, पैंजण फॉइलला टेकलेच पाहिजेत. त्यावर लिटरभर कढत पाणी आणि तीन-चार चमचे खाण्याचा सोडा घालावा. थोड्याच वेळात काळपटपणा जातो, फॉइल मात्र डागाळते आणि सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. येथे खरोखरच क्षपण घडते : काळ्या थरातली +१ अंकाची चांदी ० वर येऊन पुन्हा पैंजणावरच राहते, इलेक्ट्रॉन ॲल्युमिनिअम देते आणि सोडा ॲल्युमिनिअमवरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा सोडवतो. चांदीचे ६ अणू मिळून ६ इलेक्ट्रॉन घेतात आणि ॲल्युमिनिअमचे २ अणू प्रत्येकी ३ देतात. मोती किंवा खडे बसवलेल्या दागिन्यांवर हा उपाय करू नये.

एक सूचना येथेच द्यायला हवी. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे द्रवरूप ब्लीच संडास धुण्याच्या आम्लाशी कधीही एकत्र करू नये. ब्लीचमधील क्लोरीनचा अंक +१ असतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोरीनचा −१. दोघे भेटले की मध्यावर, म्हणजे ० वर, येतात आणि क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने जीव जाऊ शकतो. एकाच मूलद्रव्याने दिले आणि त्याच मूलद्रव्याने घेतले, असे हे उदाहरण असल्यामुळे ते अभ्यासासाठीही मोलाचे आहे, पण ते कागदावरच सोडवावे.

समीकरण जुळवणे

बारावीच्या प्रयोगात आम्लयुक्त परमँगनेटने फेरस आयनाचे मापन करतात. समीकरण एकदम जुळवायला जाऊ नये. ते दोन अर्ध्यांत तोडावे. पहिला अर्धा सरळ आहे :

फेरस (+२) → फेरिक (+३) + १ इलेक्ट्रॉन

दुसऱ्या अर्ध्यात परमँगनेटचे मँगनीज आयन होते. मँगनीज +७ वरून +२ वर येते, म्हणून डावीकडे ५ इलेक्ट्रॉन लिहावेत. परमँगनेटमधले ४ ऑक्सिजन कोठे तरी गेले पाहिजेत. आम्लात ते पाणी होऊन जातात, म्हणून उजवीकडे पाण्याचे ४ रेणू लिहावेत. त्या पाण्याला ८ हायड्रोजन लागतात, ते डावीकडे हायड्रोजन आयन म्हणून लिहावेत.

१ परमँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ इलेक्ट्रॉन → १ मँगनीज आयन (+२) + ४ पाणी

आता प्रभार तपासावा : डावीकडे −१, +८ आणि −५ मिळून +२, उजवीकडे +२. ही तपासणी टाळू नये, चूक येथेच सापडते. पहिला अर्धा ५ ने गुणून दोन्ही मिळवले की इलेक्ट्रॉन निघून जातात.

१ परमँगनेट + ५ फेरस + ८ हायड्रोजन आयन → १ मँगनीज आयन (+२) + ५ फेरिक + ४ पाणी

डावीकडचा एकूण प्रभार +१७, उजवीकडचाही +१७. अभिक्रिया अल्कलीयुक्त द्रावणात असेल, तर याच रीतीने आधी जुळवून मग जितके हायड्रोजन आयन असतील तितके हायड्रॉक्साइड आयन दोन्ही बाजूंना मिळवावेत. जेथे दोन्ही एकत्र येतात तेथे पाणी लिहावे आणि दोन्हीकडचे समान पाणी वजा करावे.

एकास पाच हे प्रमाण हाती आले की मापनाचा हिशेब बसतो. ०.०५ मोलर फेरस द्रावणाच्या १० मिलीलिटरला ०.०१ मोलर परमँगनेटचे बरोबर १० मिलीलिटर लागतात. वेगळा दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ, घालावा लागत नाही : परमँगनेटचा जांभळा थेंब फेरस संपेपर्यंत पडताक्षणी रंगहीन होतो आणि फेरस संपला की पुढचा एकच थेंब सगळ्या द्रावणाला फिकट गुलाबी करतो. तो गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की ब्युरेटची तोटी बंद करावी. आम्ल विरल सल्फ्युरिकच घ्यावे. हायड्रोक्लोरिक घेतले तर त्यातले क्लोराइडही परमँगनेटला इलेक्ट्रॉन देऊ लागते आणि मापन फुगते. नायट्रिक घेतले तर ते स्वतःच ऑक्सिडक असल्याने फेरसवर हात मारते. आम्ल कमी पडले तर द्रावण तपकिरी गढूळ होते, कारण मँगनीज +२ पर्यंत न पोहोचता +४ वरच, मँगनीज डायऑक्साइड म्हणून, अडकते.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी प्रयोगाला मदत करायला गेलो होतो. सगळ्या मुलांची मापने दहाऐवजी साडेआठच्या आसपास येत होती आणि ती बिचारी आपलीच चूक समजून पुन्हा पुन्हा ब्युरेट भरत होती. बाटली उजेडात धरल्यावर उलगडा झाला : फिकट हिरवे असायला हवे ते द्रावण पिवळसर झाले होते. हिराकशीचे ते द्रावण आम्ल न घालता आठवडाभर आधी करून ठेवलेले होते आणि त्यातल्या काही फेरसने आपला इलेक्ट्रॉन हवेतील ऑक्सिजनला आधीच देऊन टाकला होता. परमँगनेटला देण्यासाठी तेवढे कमी उरले. मुलांनी बरोबर मोजले होते. म्हणूनच फेरसचे द्रावण त्याच दिवशी, थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून करावे आणि शक्यतो साध्या हिराकशीऐवजी मोहरचा क्षार, म्हणजे फेरस अमोनिअम सल्फेट, वापरावा, कारण तो हवेत अधिक टिकतो.

ज्या घरांत बोअरच्या पाण्यात लोह असते, त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. पाणी भरताना निर्मळ दिसते, कारण जमिनीखाली हवा नसल्याने लोह विरघळलेल्या फेरस रूपात असते. बालदी रात्रभर उघडी राहिली की ऑक्सिजनचा एकेक रेणू चार-चार फेरस आयनांचे इलेक्ट्रॉन घेतो आणि फेरिक झालेले लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. असे पाणी आधी उंचावरून धारेने टाकीत सोडून हवा खाऊ द्यावी, गाळ बसू द्यावा आणि मग वाळूतून गाळावे, हा उपाय याच अभिक्रियेचा फायदा घेतो.

खारी हवा आणि जस्त

किनाऱ्यालगतच्या घरांत खिडकीचे गज आणि गेटच्या बिजागऱ्या इतक्या लवकर का खातात, हेही आता सांगता येते. लोखंडावरच्या पाण्याच्या थेंबात दोन वेगवेगळ्या जागी दोन अर्ध्या अभिक्रिया चालतात. थेंबाच्या मध्याखाली, जेथे हवा कमी पोहोचते, तेथे लोह इलेक्ट्रॉन देऊन फेरस होते; ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत थेंबाच्या कडेला जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी मिळून ते घेतात.

२ लोह → २ फेरस आयन + ४ इलेक्ट्रॉन

१ ऑक्सिजन + २ पाणी + ४ इलेक्ट्रॉन → ४ हायड्रॉक्साइड आयन

फेरस पुढे आणखी ऑक्सिजनच्या तावडीत सापडून गंज होतो. खड्डा मध्ये पडतो आणि गंज कडेला साचतो, तो यामुळे. मीठ स्वतः इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, पण खारे पाणी प्रभार सहज वाहून नेते, त्यामुळे दोन जागांमधला व्यवहार वेगाने चालतो; शिवाय हवेतून बसलेले मीठ दमट हवेतला ओलावा धरून ठेवते.

गंज थांबवायचा तर रंगाने हवा-पाणी अडवता येते, किंवा लोखंडाला माळेत त्याच्या वर असलेल्या धातूची जोड देता येते. ही ओढ व्होल्टमध्ये सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण विभव म्हणतात; तो जितका अधिक ऋण, तितकी इलेक्ट्रॉन देण्याची ओढ अधिक. जस्ताचे प्रमाण विभव −०.७६ व्होल्ट आणि लोहाचे −०.४४ व्होल्ट असल्यामुळे दोघे एकमेकांना टेकून ओले झाले की इलेक्ट्रॉन जस्त देते आणि लोह सुरक्षित राहते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ओरखडा उठला तरी काही काळ गंज धरत नाही. कथलाच्या मुलाम्याचे उलटे असते : कथील −०.१४ व्होल्टवर, म्हणजे लोहाच्या खाली, असल्याने ओरखड्यापाशी लोखंडच देणारे ठरते आणि ते उघड्या लोखंडापेक्षा लवकर खाते. गेटच्या लोखंडी चौकटीला पितळी स्क्रू मारू नयेत, तेही याच कारणाने.

पोलादी ट्रॉलर दुरुस्तीसाठी ओढून वर घेतलेला असेल, तर त्याच्या सुकाणूजवळ आणि पंख्याजवळ पाण्याखालच्या भागावर बसवलेले जस्ताचे ठोकळे पाहावेत. नवा ठोकळा गुळगुळीत आणि कडांना धारदार असतो. समुद्रात राहून आलेल्याचा पृष्ठभाग खळग्याखळग्यांचा, पांढरट आणि हाताला चुरचुरीत लागतो. तो झिजलेला दिसणे हे चांगले लक्षण आहे, कारण तेवढे इलेक्ट्रॉन पोलादाऐवजी त्याने दिलेले असतात. निम्म्याच्या वर खाल्ला गेला असेल तर तो बदलावा, नवा बसवताना खालचे पोलाद धातूला धातू भिडेल इतके घासून घ्यावे, आणि होडीला रंग देताना ठोकळ्यावर ब्रश फिरवू नये, कारण रंगाखाली झाकलेल्या जस्ताला पाणी लागत नाही आणि मग इलेक्ट्रॉन देण्याची पाळी पुन्हा पोलादावर येते.